उंदीर रंगाचा थर

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे रोह्याहून पेणला येताना एसटीत उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. खिडकी तिची. खिडकी कायम तिचीच असायची, कारण रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की तिला मान वळवून बघायचं असायचं. भिसे खिंडीत गाडी आली तशी तिने शेंग सोलायची थांबवली आणि दरडीकडे बोट केलं. "बघितलंव? तळव्याचा गुलाबी." मला दिसला तो नुसता मुरूम. मी म्हटलं, "व्हय." टरफलं तिच्या पदरात, दाणे माझ्या हातात. समोर बसलेल्या बाईला वाटलं असेल, काय गोडीने राहतात म्हातारा-म्हातारी. आम्ही खरं तर भांडत होतो.

भांडण काय, तर वरशाच्या एका जुन्या बोअरमध्ये पुरुषभर खोलीवरचा थर कशाचा होता, चिकणीचा की मुरमाचा, ते मला आठवत नव्हतं. आणि तो बोअर मीच मारलेला. तिचं म्हणणं, ज्याने भोक पाडलं त्याला आठवायला पाहिजे. माझं म्हणणं, जन्मभर भोकंच पाडली, त्यातलं कुठलं कुठलं आठवू?

हे असं अर्ध्यातून सांगून कोणाला कळायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. बोअरच्या मशीनवर आयुष्य गेलं. पाण्याचे बोअर नव्हेत, माती बघायचे. पूल, टाकी, कंपनीची शेड उभी करायच्या आधी जमिनीत बारीक भोक पाडतात. खालून जे निघेल त्याचे नमुने पिशवीत भरतात आणि लिहून ठेवतात. वर एवढा भराव, खाली एवढी चिकण, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाया किती खोल घ्यायचा ते त्यावरून ठरतं. मी भोक पाडायचो, ती ते कॉम्प्युटरमध्ये घालायची. पेणला साहेबांचं माती तपासायचं ऑफिस आहे, तिथे ती कामाला होती. खड्डा माझा आणि लिखापढी तिची, असा आमचा संसार. पोरबाळ झालं नाही.

माझी बायको विक्षिप्त होती. हे मी ती असतानाही म्हणायचो, तिच्या तोंडावर. ती म्हणायची, "तुमी सरळ हाव ना, मग झालं. घरात एक सरळ बास."

तिचं माहेर हमरापूरचं. घरचा गणपतीचा कारखाना. लहानपणापासून हातात ब्रश. पण डोळे आखायचं काम बापाकडे, सोंड आणि गाल मोठ्या भावाकडे, आणि हिच्याकडे उंदीर. वर्षानुवर्षं उंदीर. शेवटी शेवटी पितांबर मिळाला, पण डोळ्यांना हात लावू दिला नाही तो नाहीच. त्या कारखान्यात एक नियम होता. ओल्या रंगाला रंग म्हणायचं नाही. ओला रंग गडद दिसतो, चमकतो, फसवतो. सुकला की खरा काय तो कळतो. तोपर्यंत कोणी बरं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. हा नियम ती सासरी घेऊन आली आणि सगळ्या जगाला लावत बसली.

मला तिने पहिल्यांदा बघितलं ते मशीनवर. हमरापूरच्या बाजूला एका लहान पुलासाठी बोअर चालला होता. नळीतून काळी कुळकुळीत चिकण निघाली. ही येऊन उभी राहिली आणि एक ढेकूळ मागितलं. मला वाटलं मूर्तीला हवं असेल. मी दिलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि ते ढेकूळ माझ्या पायाशी टाकलं.

"तुमचा काळा खोटा निघाला," म्हणाली. "सुकला तसा उंदीर झाला."

मशीनवरचे सगळे हसले. मला कळेना, ही मला बोलतेय की मातीला. पण माणूस ध्यानात राहिलं. मी आईकरवी विचारणं धाडलं. तिकडून तिच्या मावशीने निरोप आणला: मुलगी म्हणते, सुकू दे आधी. याचा अर्थ काय लावायचा? आई म्हणाली, नकार आहे. बाप म्हणाला, मुलगी वेडी दिसते. मी वर्षभर थांबलो. मग मावशीच परत आली, म्हणाली, तारीख काढा. त्या वर्षात मी सुकून कुठल्या रंगाचा झालो ते मी तिला पुष्कळदा विचारलं. तिने सांगितलं नाही.

"सुकू दे आधी" हे तिचं कायमचं बोलणं. शेजारची सून नवी नवी सासूचे पाय चेपायची, सगळे कौतुक करायचे, ही म्हणायची सुकू दे आधी. कोणी निवडून आला आणि रस्ता करून देतो म्हणाला, तरी तेच. माझी आई गेली तेव्हा मी तिरीमिरीत म्हटलं, आता मशीनवर जाणार नाही. तिने ताट वाढलं आणि तेच म्हणाली. मी आठवड्याने मशीनवर गेलो.

ऑफिसात तिने खिडकी धरली. बाहेरून पिशव्या आल्या की नमुना ताजा असतानाच लिहायचा असतो. साहेब तसंच सांगायचे, आणि साहेब शिकलेला माणूस, वाईट माणूस नाही. ही प्रत्येक पिशवीतून बोटाएवढं ढेकूळ काढायची, खिडकीच्या कठड्यावर रांगेत मांडायची आणि सुकल्यावर लिहायची. कठडा भरला की साहेबांच्या टेबलाची कड. मुंग्या यायच्या. पंख्याने धूळ उडायची. एकदा एक मोठा माणूस पांढऱ्या शर्टात आला, कठड्याला टेकला आणि पाठीवर सहा रंगांचे पट्टे घेऊन गेला. साहेबांनी त्या दिवशी सगळी ढेकळं उचलून गटारात टाकली.

मग अबोला. मी कामासाठी ऑफिसात गेलो की साहेब दोन हातांच्या अंतरावर बसलेले असताना ती मला सांगायची, "साहेबांना सांगा, प्रिंटर बंद हाय." मी साहेबांकडे बघायचो. साहेब मला सांगायचे, "मिस्त्री, त्यांना सांगा, तार काढून परत लावा." मी नसलो की ती भिंतीला सांगायची. पावसाळा येईपर्यंत हे चाललं. मग साहेबांनीच एक फळी आणून खिडकीबाहेर ठोकून दिली, ढेकळांसाठी.

आता रंगांचं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वर्णनाचा एक मोकळा रकाना होता. त्यात वाटेल ते लिहिता यायचं. बाकीचे लोक काय लिहितात, पिवळसर मुरूम, करडी चिकण. हिने लिहिलं, सोंड. पितांबर, मळका. शेंदूर, पाऊस लागलेला. मोदक. उंदीर. पुढे साहेब रिपोर्ट करताना ते सरळ करून इंग्रजीत लिहायचे आणि कपाळाला हात लावायचे. मी एकदा विचारलं, नुसता रंग लिहितेस, माती कसली ते लिहीत नाहीस? तर म्हणाली, रंग कळला की माती कळली.

ती चुकत होती. हे सांगायला पाहिजे. गेलेल्या माणसाचं सगळं बरोबर होतं असं म्हणायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. खाडीकडची काळी चिकण सुकली की उंदीर रंगाची होते. आणि रोह्याकडे डोंगराच्या पायथ्याला जो मऊ मुरूम लागतो, तो सुकला की तोही उंदीर रंगाचाच. हात लावला तर आंधळ्यालाही कळेल, एक लोण्यासारखी, दुसरा खरबरीत. पण कॉम्प्युटरला हात लावून काय कळणार? चिकणीवर घर बसतं, खचतं. मुरमावर उभं राहतं. आणि हिच्याकडे दोघांचं नाव उंदीर. पुढे साहेबांच्या ते ध्यानात आलं, आरडाओरड झाली, आणि मग ती उंदीर चिकण, उंदीर मुरूम असं लिहायला लागली. पण आधीचे बोअर तसेच राहिले, नुसते उंदीर.

ते कोणाला नडले नसते. पण जुनं सॉफ्टवेअर बंद झालं. म्हणजे ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तेवढं चालत होतं, बनवणाऱ्यांनी हात वर केले होते. तो कॉम्प्युटर मेला तर आतले सगळे बोअर मेले. म्हणून साहेबांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं काम हिच्याकडे आलं.

हे नेणं म्हणजे काय, ते मला कधी उमगलं नाही. मी तिला जेवताना विचारलं, "म्हणजे बोअर तिथून निघून इथं येतो?"

"निघत नाय. तिथंबी राहतो, इथंबी येतो."

"मग नेलं काय?"

ती घास हातात धरून थांबली. "नक्कल नेली."

"मग खरा कुठला?"

"खरा जमिनीत हाय."

"जमिनीतला तर आमी बुजवला."

तिने माझ्याकडे बघितलं आणि भात घ्यायला उठली. हे बोलणं तिथेच राहिलं. मी अजून कधी कधी त्यावर विचार करतो आणि माझं डोकं दुखतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये मोकळा रकाना नव्हता. ठरलेली यादी होती, तिच्यातलं एक निवडायचं. माती इतक्या प्रकारची, रंग इतके. जे यादीत बसत नाही तिथे पडद्यावर लाल पट्टा यायचा. बोअरचं चित्र उभं दिसतं, उसाच्या कांड्यासारखं, एकाखाली एक थर. त्यात मध्येच लाल. एक जरी लाल पट्टा राहिला तरी तो बोअर छापून निघत नाही. तिचे तर बोअरच्या बोअर लाल आले. म्हणाली, गोवर उठल्यासारखे दिसतात.

सॉफ्टवेअरवाला मुंबईकडचा. फोनवर शिकवायचा. मी एकदा समोर होतो. ही त्याला विचारत होती, तुमच्या यादीत सोंड का नाही? तो म्हणाला, मॅडम, पिंक आहे ना. ही म्हणाली, "पिंक म्हणजे कुठला? गालाचा का तळव्याचा?" मग तो म्हणाला, मॅडम, मी सरांशी बोलू का?

तरी हळूहळू ती वाकली. रोज एकेक रंग देऊन टाकायची आणि घरी येऊन तोंड पाडून बसायची. आज पितांबर यलोमध्ये घातला, म्हणायची. माणूस लांबच्या नात्यात मुलगी देऊन येतो तशी. मी म्हणायचो, अगो, पिवळा तो पिवळाच. ती म्हणायची, तुमी गप बसा.

उंदरावर मात्र अडलं. सॉफ्टवेअरवाल्याने सोपी वाट सांगितली. एकच नियम लावायचा, जिथे जिथे उंदीर तिथे तिथे करडी चिकण. एका बटणात सगळं नवीन जागी जाईल. साहेबांनाही पटलं. हिने नकार दिला. म्हणाली, एका नावाखाली दोन माती आहेत, एका धक्क्यात कशा ढकलू? चूक माझी आहे, मीच निवडणार. आणि एकेक बोअर घेऊन बसली. काहींचे रिपोर्ट सापडले, त्यात साहेबांनी खरी माती लिहिली होती. काहींच्या पिशव्या नागोठण्याच्या गोदामात होत्या, तिथे जाऊन हात लावून आली. पण त्या गोदामात एका पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी शिरलेलं, खालच्या रांगेतल्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. तरी होता होता सगळे मार्गी लागले. एक राहिला. वरशाचा.

वरशाला गावाची पाण्याची टाकी व्हायची होती, तिच्यासाठी मी तो बोअर मारला होता. टाकी रद्द झाली. त्यामुळे रिपोर्ट झालाच नाही. पिशव्या चिठ्ठ्या गेलेल्यांतल्या. उरलं काय, तर कॉम्प्युटरमधलं "उंदीर". एक लाल पट्टा.

आणि नेमका तोच बोअर एका माणसाला हवा होता. तो माणूस कंपनीतून रिटायर झालेला, जन्म भाड्याच्या खोलीत काढलेला. त्याने वरशाला तुकडा घेतला होता, दोन मुलांसाठी वर खाली असं घर बांधायचं होतं. जुना बोअर त्याच्या तुकड्याच्या कोपऱ्यातच येत होता. साहेबांनी त्याला सांगितलं होतं, नवीन मशीन कशाला लावता, आमच्याकडे आहे, छापून देतो. आता छापून निघेना. साहेब म्हणाले, टाका चिकण, जपून वागलेलं बरं. ही म्हणाली, मुरूम असेल तर तो माणूस उगाच खोल खणत बसेल, पैशाने अर्ध्यातच दमेल, घर राहील बाजूला. बरं, मुरूम टाकला आणि खाली चिकण निघाली, तर पोरांबाळांसकट घर कलंडेल. साहेब म्हणाले, मग करायचं काय? ही म्हणाली, जागा रिकामी ठेवायची. साहेब म्हणाले, ते रिकामी घेत नाही हो.

म्हणून ती मला वरशाला घेऊन गेली. त्या जागेवर उभं केलं की मला आठवेल, असा तिचा हिशेब.

त्या घरवाल्याने दोरी बांधून तुकडा आखला होता. आमच्यासाठी खुर्च्या आणल्या, पाणी आणलं. हिने मला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाली, "डोळे मिटा. मशीन कुठं होतं?"

मी डोळे मिटले. मशीन आठवलं. मशीनच्या सावलीत एक तांबडं कुत्रं झोपायचं ते आठवलं. आम्ही सुकट-भाकरी खाल्ली होती. ऊन होतं. एकाच्या पायावर पाना पडला होता. थर आठवेना. नळी खाली जाताना हाताला कळत असतं, चिकण असली तर नळी लोण्यात गेल्यासारखी जाते, मुरूम असला तर दात खाते. मी हात पुढे करून बघितले, मशीनचा दांडा धरल्यासारखे. हातालाही काही आठवेना.

"कुत्रा आठवतो नि थर आठवत नाय," ती घरवाल्याला म्हणाली. तो हसला. मी चिडलो. म्हटलं, मला काय विचारत बसलीस, मोठं गिरमिट आणा, दोन माणसं लावा, पुरुषभर खोल हातानेही जाता येतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललो. गिरमिट साहेबांच्या रोह्याच्या खोलीत पडलेलं होतं. पण घरवाला म्हणाला, आज नको. उद्या सकाळी भूमिपूजन आहे, त्याच्या आधी जमिनीला लोखंड लावायचं नाही. पूजा झाली की हवं तेवढं खणा. ठीक. मी वाडीवरच्या आमच्या जुन्या दोन गड्यांना सांगून ठेवलं, उद्या गिरमिट घेऊन या.

म्हणजे सगळं ठरलं होतं. तरी एसटीत ती भांडतच होती. गिरमिट सांगेल ते वेगळं, म्हणत होती. "तुमाला का आठवत नाय, ते मना सांगा."

मी शेंगा खाल्ल्या.

घरी आलो, चहा झाला. ती म्हणाली छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, शेंगा बाधल्या. मग तिचा चेहरा बघून रिक्षा आणली. रिक्षात ती माझा दंड धरून होती. दवाखान्यात त्यांनी तिला आत नेलं आणि दिवेलागणीला येऊन सांगितलं, नाही. डॉक्टर मला मोठमोठ्याने समजावत होता, बहिऱ्याला सांगतात तसं. मी मान हलवत होतो. शब्द सगळे मराठी होते, तरी मला एक कळत नव्हता. त्याच रात्री अग्नी दिला. माहेरची माणसं जवळचीच, वाट बघायला कोणी नव्हतं.

सकाळी घर भरलेलं. बायका आत, पुरुष ओट्यावर. मी उठलो, पायात चपला घातल्या. बहिणीने विचारलं, कुठं? म्हटलं, वरशाला. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. "सुतकात? नि तेबी कोणाच्या भूमिपूजनाला?" मी म्हटलं, पूजेला नाही, गिरमिट लावायला. ओट्यावरचा एक जण उठून माझा हात धरायला आला, मी त्याच्याकडे बघितलं, तो बसला. कोणी चांगलं म्हणणार नाही हे मला माहीत होतं. पण घरात बसून मला करायचं काय तेही कळत नव्हतं, आणि वरशाला काय करायचं ते ठरलेलं होतं.

एसटीत मी खिडकीत बसलो नाही. खिडकी रिकामी राहिली, मग नागोठण्याला एक माणूस येऊन बसला.

वरशाला पूजा चालू होती. मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो. सावली पडू नये एवढं तरी पाळायचं. वाडीवरचे दोघे गिरमिट घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना कळलेलं नव्हतं, मी सांगितलं. एकाने तंबाखूची डबी पुढे केली. नारळ फुटला, प्रसाद वाटला, भटजी गेला. मग घरवाल्याने मला बघितलं आणि हात केला. मी जागचा हललो नाही, तसा तोच रस्ता ओलांडून आला, हातात प्रसादाचा द्रोण.

"वैनी नाय आल्या?"

"काल संध्याकाळी गेली," मी म्हटलं.

त्याला आधी कळलं नाही, गेली म्हणजे कुठं. मग कळलं. द्रोण तसाच हातात राहिला. त्याची बायको दोरीच्या आत उभी राहून बघत होती. तो चाचरत म्हणाला, मिस्त्री, वाईट झालं, फार वाईट झालं, पण आज नको, आजच नारळ फोडलाय, जागेवर सुतकातला माणूस, बायको म्हणेल अपशकुन.

मी म्हटलं, "अपशकुन माझ्यात हाय का जमिनीत, तेच बघायला आलोय. ती इथं त्याच्यासाठीच आली होती."

तो गेला. नवरा-बायको दोरीपाशी बराच वेळ बोलत होते. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. मग त्या बाईनेच डोक्यावर पदर घेतला आणि मला हाताने बोलावलं. पूजेची फुलं होती ती जागा सोडून कोपऱ्याकडून जा, म्हणाली.

गिरमिट लावलं. वाडीवरचे दोघे आडवा दांडा धरून फिरवत होते, मी बाजूला बसून निघेल ती माती बघत होतो. वर भराव, विटांचे तुकडे. मग तांबूस माती. मग जरा दमट. कमरेइतकं खाली गेलं तोवर दोघांना जोर लावावा लागत होता, दांडा करकरत होता, आणि मला वाटायला लागलं मुरूम आहे. घरवाल्यालाही तसंच वाटलं असावं, त्याचा चेहरा जरा सैल झाला. पुरुषभर होत आलं तसा मी उठलो, एकाला बाजूला केलं आणि दांडा स्वतः धरला. खांदा दुखतो माझा, तरी धरला. दोन-चार फेरे जड गेले. आणि मग एकदम हातातला भार गेला. फिरवावंच लागेना. गिरमिट आपल्याच वजनाने खाली जायला लागलं, आणि आम्ही दांडा धरून त्याच्या मागे वाकत गेलो.

वर काढलं तर पात्यावर काळी चिकण, चकचकीत.

मी घरवाल्याला दाखवलं. त्याने बोट लावलं, बोट आत गेलं. "वरच्यावर पाया घालू नका," मी म्हटलं. "खोल जावं लागेल. साहेब सांगतील किती." तो मान हलवत होता. त्याची बायको मागून म्हणाली, बरं झालं आता कळलं. मग तिला वाटलं असेल आपण चुकीचं बोललो, ती पदर तोंडाला लावून मागे वळली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ते माझ्या घरी समाचाराला गेले होते आणि मी तिथे नाही म्हणून घाबरले होते. "मिस्त्री, कुठे आहात तुम्ही? सगळे शोधतायत."

"वरशाला. चिकण हाय," मी म्हटलं. "तो लाल पट्टा काढा."

मग म्हणाले, "काढतो." आणि मग म्हणाले, "बसून घ्या जरा कुठेतरी."

मी बसलो नाही. बोअर संपला की भोक बुजवायचं असतं, गुरांचा पाय जातो, पोरं पडतात. ते काम दुसऱ्यावर टाकायचं नाही असं मी सगळ्यांना शिकवलेलं. म्हणून निघालेली माती हातात घेऊन मी कडेला वाकलो, तर खाली भोक होतंच कुठे? चिकण चारी बाजूंनी आत सरकली होती आणि भोक आपलं आपणच मिटत आलं होतं. वरचं हातभर राहिलं होतं, ते मी भरलं, पायाने दाबलं. वर काही दिसेना. एवढं केलं तरी बाजूला पाटीभर माती उरली.

वाडीवरच्या एकाने फावडं उचललं आणि विचारलं, "मिस्त्री, ही कुठं टाकू?"

"टाकू नको," मी म्हटलं. आणि तिच्यातलं बोटाएवढं ढेकूळ काढून कडेच्या दगडावर उन्हात मांडलं.